सूपभर ज्वारीचा कडूबा

डोणगावात एक घर आहे. त्याचं आडनाव सांगत नाही. त्या घरच्या मुली अजून उजवायच्या आहेत आणि वाचणाऱ्यांत मुलांचे बाप असतीलच. गावात त्याला नुसतं 'ते घर' म्हणतात. त्या घरात दर पिढीला एकदोन माणसं चाळिशीच्या आसपास वळवळू लागत. आधी बोटं, मग खांदे, मग चालताना पाय भलतीकडेच पडायचा. पुढे जीभ जड होई, माणूस विसराळू आणि तापट होई, आणि दहा-बारा वर्षांत आटोपे. गावाने या रोगाला 'वळवळ' असं नाव दिलं होतं. नाव ठेवणं हा गावाजवळचा एकमेव इलाज होता, आणि तो वेळेवर करण्यात आला होता.

कारणही ठरलेलं होतं. चार पिढ्यांमागच्या पुरुषाने दारी आलेल्या गोसाव्याला काठीने हाकललं आणि त्याने शाप दिला. तेव्हापासून ते घर दर पौषात कुठून तरी एक गोसावी शोधून आणी आणि पुरणपोळीचं जेवण घाली. गोसावी जेवून जाई, वळवळ राहून जाई.

याशिवाय गावात एक सिद्धान्त होता. वळवळ पिढी सोडून उडी मारते. बाप धडधाकट म्हातारा होऊन मेला तरी भरवसा नाही, पोरांत निघेल, नातवांत निघेल. या एका वाक्यामुळे त्या घरातलं कोणीच कधी सुटत नव्हतं. ज्याला रोग होता त्याला होता, आणि ज्याला नव्हता त्याच्या लेकरांना होणार होता.

कडूबा त्या घरात वाढला. त्याचा बाप वळवळीने गेला, चुलता वळवळीने गेला, चुलतभाऊ निवृत्ती त्याच वाटेवर होता. कडूबाची पाच एकर कोरडवाहू होती आणि बाजाराच्या दिवशी तो मापारी म्हणून बसे. सरकारने पायली केव्हाच बंद केली होती आणि अडत्याच्या दुकानात किलोचा काटा टांगला होता. पण घरगुती देण्याघेण्यात डोणगाव सरकारला फारसं विचारत नसे. पायली भरून तिच्यावर दाण्यांचा जो उभा ढीग राहतो त्याला शीग म्हणतात. शीग लावणं हे हाताचं काम. हात जरा हलला की दाणे ओघळतात आणि घेणारा बोंब मारतो. कडूबाची शीग देवळाच्या कळसासारखी उभी राही. 'लाभ' म्हणून तो पहिली पायली ओती, कारण मापारी 'एक' म्हणत नाही, आणि शेवटच्या पायलीपर्यंत त्याच्या गोणपाटाबाहेर दाणा दिसत नसे.

एवढा स्थिर हात त्या घरात आलाच कसा, याचंही उत्तर गावाजवळ होतं. कडूबा त्या घरचा नव्हताच म्हणे. विकत घेतलेला होता.

प्रकार असा. कडूबाच्या आईची तीन लेकरं लागोपाठ गेली. अशा वेळी आपल्याकडे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. चौथं झालं की ते उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीने यायचं, 'हे कोणाचं टाकलेलं पोर?' म्हणून उचलायचं आणि आईला सूपभर ज्वारी देऊन ते आपलं करून टाकायचं. नाव कडूबा, धोंडू असं काहीतरी ठेवायचं, म्हणजे नेणाऱ्याला त्यात गोडी वाटू नये. मग पोर आईच्याच मांडीवर वाढतं, पण म्हणायचं शेजारणीचं. लग्नाच्या वेळी आई सूपभर ज्वारी परत देते आणि पोराला सोडवून घेते. सटवाई, यम आणि इतर संबंधित खाती यांची दिशाभूल करण्याची ही पद्धत आहे, आणि ती बहुधा चालते असा लोकांचा अनुभव आहे.

कडूबाला उचललं ते भिंतीपलीकडच्या मनकर्णाबाईने. गोम इथेच होती. मनकर्णाबाई त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. भिंतीच्या दोन बाजूंना दोन मुलगे जन्मले आणि त्यातला एक चौथ्या दिवशी गेला. कोणाचा गेला हे दोघींनाच माहीत. मनकर्णाबाईला आधीचे तीन मुलगे होते, शेजारणीची कूस भाजलेली. तिने आपला जिवंत मुलगा खरोखरीच पलीकडे दिला, असं अर्धं गाव म्हणे. उरलेलं अर्धं म्हणे, छे, तो नुसता रिवाज. कडूबाची आई पुढे नवऱ्याच्या दुखण्यात झिजून गेली. कडूबाचं लग्न झालं तेव्हा बापाला चौघे धरून मांडवात आणत होते. त्या गडबडीत ज्वारी परत द्यायचं राहूनच गेलं.

म्हणजे पंचावन्न वर्षांचा कडूबा कागदोपत्री त्या घरचा, रिवाजाने मनकर्णाबाईचा आणि रक्ताने कोणाचा हे अनिर्णित. त्याला स्वतःला विचारलं तर तो म्हणे, "मी इकतचा. त्याईचं माहं काय?" हे तो फार सहज म्हणे. इतकं सहज की खोटं वाटावं.

कारण रोज सकाळी रुखमाबाई, म्हणजे त्याची बायको, चुलीपाशी चहा ओती तेव्हा कडूबा बशी काठोकाठ भरून घेई. ती एका हातात धरून तो माजघर ओलांडी, उंबरा ओलांडी, ओट्याच्या दोन पायऱ्या उतरे आणि निंबाखाली जाऊन बसे. मग बशीखालून बोट फिरवून पाही. कोरडं निघालं की चहा पिई. वीस-पंचवीस वर्षं हा क्रम चालला होता. ज्याला आपण विकतचे आहोत अशी खात्री आहे, तो माणूस बशीखालून बोट फिरवत नाही. रुखमाबाईने हे ओळखलं होतं, पण बोलली नव्हती.

सदुसष्ट सालच्या जानेवारीत गावात जीप आली. त्या काळी जीपचे दोनच अर्थ होत, निवडणूक किंवा कुटुंबनियोजन. जीपमधून बाई उतरलेली पाहिल्यावर निवडणूक बाद झाली आणि पन्नाशीच्या आतले सगळे पुरुष शेतात निघून गेले. त्या होत्या डॉ. शरयू मुळावकर. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत आणि मज्जातंतूंच्या वंशागत रोगांवर संशोधन करत. निवृत्तीला त्याचा मेहुणा नागपूरला दाखवायला घेऊन गेला होता. तिथे त्याचे हात पाहून बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला?" निवृत्ती म्हणाला, "कोणाले नाई ते इचारा." त्यावरून त्या आल्या होत्या.

सरपंच नारायणराव यांनी त्यांना चावडीत बसवलं आणि माझं अक्षर बरं म्हणून शाळेतून मला लिहायला बोलावलं. काम वंशावळीचं होतं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. रोगी असेल तर तो आकार काळा भरायचा, नसेल तर रिकामा ठेवायचा. हे गावाला आवडलं. तिसऱ्या दिवशी चावडीत एवढी माणसं जमली की ज्यांचा त्या घराशी काडीचा संबंध नाही तेही म्हणू लागले, "मास्तर, माहा चौकोन काऊन नाई?"

खरी माहिती मात्र निघेना. ज्याच्या त्याच्या घरात सगळे ठणठणीत मेले होते. बाई दोन दिवस थकल्या, मग त्यांना किल्ली सापडली. त्यांनी ज्याला त्याला त्याच्या घराबद्दल विचारणं सोडलं आणि भाऊबंदांबद्दल विचारू लागल्या. त्याबरोबर काय पूर लोटला! कोणत्या चुलत्याची बोटं कोणत्या पोळ्याला हलू लागली, कोणत्या आत्याच्या हातून कोणाच्या लग्नात परात पडली, सगळं तिथीवारासह. भाऊबंदकीचा विज्ञानाला एवढा उपयोग याआधी झाला नसेल. आठवड्यात चार पिढ्या, एक्केचाळीस आकार, त्यातले अकरा काळे, असा तक्ता तयार झाला. फक्त एका चौकोनाच्या बुडाशी बाईंनी शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. तो कडूबा.

"तुम्ही यांचे रक्ताचे आहात की नाही, हे मला कळायला हवं," बाई म्हणाल्या.

"इकतचा आहो म्हणलं ना बाई. लिहा तसं."

"लिहिते. पण सांगणारं कोणी आहे?"

सांगणारी एकच होती. आम्ही मनकर्णाबाईकडे गेलो. ऐंशीची म्हातारी उन्हात वाती वळत बसली होती.

"आजी, कडूबा कोणाचा?"

"माहा. सूपभर ज्वारीनं घेतला."

"तसं नाही. जन्म कोणी दिला?"

"ज्यानं इकत घेतला त्याचा असते बाई. बैलाले कोणी इचारते का, कोण्या गाईचा म्हून?"

"बैलाला विचारतात आजी. जातवान बैलाला तर नक्की विचारतात."

म्हातारीने वात थांबवून बाईंकडे पाहिलं. डाक्टरीण वाटली तेवढी शहरी नाही, असं तिला वाटलं असावं. पण ती बधली नाही. "सांगतलं तर आयकते," ती म्हणाली.

"कोण ऐकतं?"

म्हातारीने नुसतं वर आणि मग थोडं बाजूला बोट केलं.

"अहो, पंचावन्न वर्षं झाली. आता तो स्वतः म्हातारा झाला."

"म्हून तं! मी खोटं बोलली म्हून झाला म्हातारा. नाई तं होते का?"

बाईंनी तक्ता गुंडाळला. प्रश्नचिन्ह राहिलं.

ते तसंच राहिलं असतं, तर कडूबाची काही तक्रार नव्हती. पण त्याची धाकटी मुलगी शालू, तिची सुपारी साखरखेर्ड्याच्या उत्तमरावांच्या मुलाशी फुटली होती. लग्न वैशाखात ठरलं होतं. उत्तमराव बऱ्यापैकी जमीनदार, पंचक्रोशीत बैलाचे पारखी म्हणून नाव. त्यांना सोयरीक जमवताना सांगण्यात आलं होतं की कडूबा त्या घरचा असला तरी त्या घरचा नाही. ते त्यांनी मान्य केलं होतं. आता नागपूरची डॉक्टरीण त्या घराचा तक्ता काढते आहे आणि त्यात कडूबालाही घेतला आहे, ही बातमी चार दिवसांत साखरखेर्ड्याला पोचली. डोणगावच्या टपालाला याच अंतरासाठी आठ दिवस लागत.

बाजाराच्या दिवशी उत्तमराव आले. ओट्यावर घोंगडीवर बसले, पाणी घेतलं, गूळ घेतला नाही. गूळ घेतला नाही हे रुखमाबाईने आतून पाहिलं.

"व्याही," उत्तमराव म्हणाले, "मी भांडायला नाही आलो. मला एक सांगा. तुम्ही तिकडचे का इकडचे? जे असंल ते. पर मला खरं पाहिजे. पोराचा प्रश्न आहे."

तोपर्यंत ओट्याभोवती माणसं जमली होती. डॉक्टरीणबाई आणि मी चावडीतून आलो. नारायणराव आले. भिंतीपलीकडे मनकर्णाबाई वाती वळत होती आणि ऐकू न आल्यासारखं करत होती.

मग दारातून रुखमाबाई बोलली. "त्याईले इचारून काय होते? त्याईले माहीत असतं तं रोज सकाळी बशीखाली बोट फिरवले नसते."

कडूबाने चमकून मान वर केली.

"पाह्यते मी. वीस वर्साची पाह्यते. म्हातारी ज्वारीसाठी अडली आहे ना? मंग सोडवून घ्या ना सोताले! मायनं नाई सोडवलं, तुमी सोडवा. पोरगी घरात ठेवाची हाये का तुमाले?"

एवढं सोपं होतं आणि पंचावन्न वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. कडूबाला मात्र सुचलं असावं. ज्याला उत्तर नको असतं त्याला उपाय सुचूनही सुचत नाही. तो थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत बसला. मग उठला आणि आतून ज्वारीची गोणी, पायली घेऊन आला.

भिंत ओलांडून सगळी मंडळी मनकर्णाबाईच्या अंगणात आली. तिच्यापुढे सूप ठेवलं. कडूबा उकिडवा बसला. यंदाची ज्वारी, मोत्यासारखी. त्याने पायली भरली, शीग लावली. आयुष्यभर दुसऱ्याचं माप करणारा माणूस स्वतःची किंमत मोजत होता आणि माप तसूभर कमी करत नव्हता.

"लाभ," तो म्हणाला आणि पायली सुपात ओतली. अंगणात एक दाणा पडला नाही.

म्हातारीने ज्वारीवरून हात फिरवला. दोन दाणे तोंडात टाकून चावले. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या ज्वारीशी ती बहुधा ताडून पाहत होती. मग तिने सूप आपल्याकडे ओढलं.

"घे बाप्पा," ती म्हणाली. "सुटला तू. तुह्या मायचाच हायेस. माहं लेकरू गेलं त्या दिशी." सुपातला खडा वेचत म्हणाली, "तिनं आनि म्या एकाच पदरानं तोंड दाबलं होतं. कोणाले आयकू नाई गेलं."

कडूबाच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही. इतकी वर्षं 'मी इकतचा' म्हणायची एक जागा होती, ती गेली. डॉक्टरीणबाईंनी खोडरबर काढला आणि प्रश्नचिन्ह पुसलं. उत्तमरावांनी पायात एक वहाण सरकवली.

"मग राम राम, व्याही. नाइलाज आहे. खरं बोललात, उपकार झाले."

"थांबा," बाई म्हणाल्या. "का निघालात?"

"त्या घरचे निघाले ना हे."

"निघाले. पण यांचे हात पाहिलेत का?"

"पाहिले. हात चांगले आहेत. पर बाई, ही वळवळ पिढी सोडून उडी मारते. साऱ्या जगाला माहीत आहे."

"कोणाच्यात मारली?"

"आँ?"

"एक नाव सांगा. बाप म्हातारा होऊन, हात स्थिर ठेवून मेला आणि मुलात रोग निघाला, असं एक माणूस. मी आठ दिवस शोधते आहे. मला सापडलं नाही. तुमच्यात कोणाला आठवत असेल तर मला हवंच आहे. माझा तक्ता चुकीचा ठरेल."

मंडळी उत्साहाने पुढे सरकली. शंभर वर्षं जी गोष्ट सगळे छातीठोक सांगत आले तिला एक उदाहरण देणं काय अवघड? नारायणरावांनी एक नाव घेतलं, त्याचा रोग आईकडून आलेला निघाला, आणि तक्त्यात आईचं वर्तुळ काळंच होतं. दुसऱ्याने एक नाव घेतलं, तो माणूस दारूने हलत होता, असं तिसऱ्याने सांगितलं. मग नारायणराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "वामनराव! वामनराव वळवळला का नाई? आन् त्याच्या बापाले काई झालं नोतं! घ्या, मारली उडी!"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तक्त्यावर पाहिलं. वामनराव काळा, वामनरावचा बाप रिकामा. उत्तमरावांनी दुसरी वहाण घातली.

"नारायण्या," मनकर्णाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. सरपंचाला एकेरी हाक मारणारी गावात ती एकटीच होती. "वामन्याचा बाप म्हातारा कवा झाला रे? मानमोडीच्या साली गेला ना तो. तीस वर्साचा तं होता. जवाईमानूस दिसे."

"हो, पण वळवळला नाई ना!"

"वळवळाले राह्यला कुठं?"

बाईंनी तक्ता मांडीवरच आपटला. "तेच! आजी, तेच!" मग उत्तमरावांकडे वळून म्हणाल्या, "उडी नाही हो ती. रोग त्याच्यात होता. दिसायच्या आधी मानमोडीने, त्या अठरा सालच्या तापाच्या साथीने, माणूस नेला. तुम्हाला वाटलं बाप कोरडा होता. तो कोरडा नव्हता, तो लवकर मेला."

उत्तमराव हळूच मनकर्णाबाईच्या ओट्याच्या कडेला टेकले. वहाणा पायातच होत्या. "म्हणजे असं का," ते सावकाश म्हणाले, "वळू दोन दाती, कोवळा असताना मेला, तर त्याचा गुण-अवगुण कळत नाही. पण आठ दाती, पुऱ्या वयाचा होऊन, चार हंगाम कळपात काढून, त्याच्यात खोड नाही दिसली..."

"तर त्याच्यात ती नाही. आणि जी त्याच्यात नाही ती तो वासराला देणार कुठून?"

"या घरात उशिरात उशिरा कवा निघाली?"

"सेहेचाळिसाव्या वर्षी. अकरांतली सगळ्यात उशिराची. हे पंचावन्नचे आहेत."

"पंचावन्नचं कशावरून? आमच्याकडे माणूस साठीचा दिसतो अन् पन्नास सांगतो."

"दिल्लीले बादशा आला, ते थंडी," मनकर्णाबाई म्हणाली. "शाळेत साखर वाटली होती. माह्या मोठ्यानं आणून मले दिली, मी बाजेवर होती."

उत्तमरावांनी मनात हिशेब केला. दिल्ली दरबार अकरा सालचा, म्हणजे पंचावन्न बरोबर. "लिहून देता?"

"कधीच होणार नाही असं मी लिहून देणार नाही. तसं कोणीच कोणाबद्दल देऊ शकत नाही, तुमच्या मुलाबद्दलही नाही. मी पाहिलं तेवढं लिहिते. या घरात आजवर सेहेचाळिशीनंतर कोणाला सुरू झालं नाही, हे पंचावन्नचे आहेत, आणि यांचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर आहे."

"राहू द्या," उत्तमराव म्हणाले. "शीग पाहिली म्या." त्यांनी वहाणा काढल्या. मग घसा खाकरून ते जरा ओशाळून म्हणाले, "आता खऱ्याचा दिवस आहेच, तर आमच्याकडचं बी एक सांगायचं राहिलं. पोराला रातीचं जरा कमी दिसतं. अंधारात धडपडतो."

"ते आमाले माहीत होतं," रुखमाबाई भिंतीपाशी उभी राहून म्हणाली. "गूळ घेता का आता?"

उत्तमरावांनी गूळ घेतला.

हे सगळं शेजारच्या आपल्या अंगणातून निवृत्ती ऐकत होता. त्रेचाळीस वर्षांचा, खाटेवर बसलेला, खांदा सारखा उडत असलेला. संध्याकाळी बाई त्याच्याकडे गेल्या. मी बरोबर होतो. त्यांनी त्याला काही चोरून ठेवलं नाही. औषध नाही. त्याच्या दोन मुलांपैकी प्रत्येकाला निम्मी शक्यता. होईल किंवा होणार नाही, आज सांगता येत नाही, पुढे कधी तरी येईल.

"म्हंजे अर्धं-अर्धं," निवृत्ती जड जिभेने म्हणाला. "आमच्या वावराच्या वाटणीतबी... एवढा न्याव... झाला नोता."

बाईंना हसावं की नाही कळेना. निवृत्तीनेच आधी हसून प्रश्न सोडवला. मग त्याने विचारलं, "गोसाव्याचा... शाप नाई मंग?"

"नाही. कोणाचीच चूक नाही. तुमच्या आज्याची नाही, तुमची नाही."

निवृत्तीचा खांदा उडत होता, पण चेहरा शांत होता. "चार पिढ्या," तो म्हणाला, "फुकट जेवले साले."

पुढच्या पौषात त्या घराने गोसावी शोधला नाही. एक स्वतःहून आला, त्याला जेवू घातलं, पण साधं.

शालूचं लग्न वैशाखात झालं. जावयाला अंधारात दिसत नाही म्हणून वरात दिवसाउजेडी काढली आणि त्याचं कारण लोकांना 'नवी पद्धत' असं सांगण्यात आलं. निवृत्ती त्यानंतर सहा वर्षांनी गेला. त्याचा थोरला आता तिशीचा आहे, त्याचा हात अजून चांगला आहे, आणि तो चहा कपाने पितो.

दीड वर्षाने नागपूरहून एक छापील निबंध आला. बाईंनी तो माझ्या पत्त्यावर पाठवला होता. त्यात तो तक्ता होता. नावं नव्हती, गावही नव्हतं, नुसते आकडे. मी तो कडूबाकडे नेला आणि तिसऱ्या ओळीतला पाचवा चौकोन दाखवला.

"हे तुम्ही."

त्याने बोट ठेवून पाहिलं. बाजूचा चौकोन निवृत्तीचा होता, काळा.

"माह्या चौकोनात काई नाई लिहिलं?"

"रिकामाच असतो तो. रोग नाही म्हणून."

"रिकामाच बरा," कडूबा म्हणाला. निवृत्तीच्या चौकोनावरून त्याने अंगठा फिरवला, जणू पुसला तर निघेल. मग निबंध मला परत दिला.

एक गोष्ट मात्र गळ्यात आली. मनकर्णाबाईने खरं सांगून टाकलं होतं, आणि ते ऐकू जायला नको तिथे ऐकू गेलं असणार अशी तिची खात्री होती. कडूबाची भीती संपली ती भिंत ओलांडून तिच्याकडे गेली. तेव्हापासून ती रोज सकाळी उठली की आधी भिंतीवरून हाक मारी, "कडूबा, हायेस का बे?" आणि तो 'हाव' म्हणेपर्यंत चूळ भरत नसे. ती वारली तोवर, म्हणजे पुढची चार वर्षं, एकही दिवस चुकला नाही.

एकदा सकाळी काही कामाने मी तिथे होतो. कडूबा बशी घेऊन दारात आला. माझ्याशी बोलता बोलता उंबरा ओलांडताना त्याचं लक्ष नव्हतं आणि बशी कलंडली. निम्मा चहा धोतरावर.

"सांडला!" रुखमाबाई ओरडली. "अवो, कालच धुतलं ते! या मयन्यात तिसऱ्यांदा! जरा सांभाळून धराले काय होते तुमाले?"

भिंतीपलीकडून घाबरा आवाज आला, "काय झालं बे? कडूबा! हायेस का?"

"हाव माय, आहो!" कडूबा उरलेला चहा भुरकत म्हणाला. बशीखालून बोट त्याने फिरवलं नाही. "चहा सांडून राह्यलो."